बिस्किटांच्या डब्यातली बारा सीलं

“काका, खरं सांगा. एकही नाही?” फिटरने तिसऱ्यांदा विचारलं. तो अगदी रडकुंडीला आला होता.

तीन वर्षं या प्रश्नाला भांडारातून एकच उत्तर जायचं. म्हणून तर सगळा हवाई तळ भांडारपालाला नाहीकाका म्हणायचा. क्षेपणास्त्र बनवणाऱ्यांनी सुटे भाग देणं बंद केलं होतं आणि अंगठीएवढ्या रबरी सीलवाचून घोडं अडलं होतं. ते सील गेलं की थंड गॅस गळतो, क्षेपणास्त्राचं डोकं तापतं, मग त्याला शत्रूच्या विमानाची धगच दिसत नाही. आंधळं होऊन बसतं मेलं. तळावरची शेवटची दोन क्षेपणास्त्रं अशीच गळत होती. सीमेपलीकडून शत्रूची विमानं निघाली होती. आणि अर्ध्या तासात त्यांना अडवायला वर जाणार होती ती नाहीकाकांची धाकटी लेक.

“आहेत,” काका म्हणाले. “चांगली बारा आहेत.”

फिटर बघतच राहिला. काकांनी खुर्चीवर चढून लोखंडी कपाटाच्या माथ्यावरून बिस्किटांचा डबा उतरवला. छाती फुगली होती. धाकटी वैमानिक झाली त्याच आठवड्यात त्यांनी शीतखोलीतली उरलेली बारा सीलं कागदोपत्री वापरली म्हणून दाखवली होती आणि इथे आणून दडवली होती. तिथे ठेवली असती तर कुणी ना कुणी मागून नेलीच असती. मागच्या महिन्यात हाच फिटर पाया पडला, तरी काका बधले नाहीत. आपमतलबी म्हणा, चोर म्हणा, बापाचं काळीज होतं ते.

झाकण निघालं. फिटरने एक सील उचलून दोन बोटांत जरासं वाकवलं. कट्‌. दुसरं उचललं. तेही कट्‌.

त्याने वर पाहिलं. कपाटाच्या माथ्यापासून छपराचा तापलेला पत्रा हातभरही लांब नव्हता.

“काका, तीन उन्हाळे? इथे?”

काकांनी डबा हिसकावून घेतला. तिसरं, चौथं, पाचवं. “एखादं तरी असेल रे! एखादं तरी!” बाराव्याला हात लावायचा त्यांना धीर होईना. ते फिटरनेच मोडून दाखवलं.

धाकटी दारात येऊन उभी होती, हेल्मेट काखेत. तिने टेबलावरचे तुकडे पाहिले आणि काय समजायचं ते समजली.

“दादा, सरावाची निळ्या पट्ट्याची क्षेपणास्त्रं आहेत ना, ती लटकवा,” ती फिटरला म्हणाली. “लांबून त्यांना काय कळतंय?”

“अगं, ती उडत नाहीत! नुसते ठोकळे आहेत ते!” काका ओरडले.

“ठाऊक आहे, बाबा. पण मोकळी गेले तर लगेच अंगावर येतील.” तिने त्यांचा खांदा दाबला आणि फिटरच्या मागोमाग धावत गेली.

थोड्या वेळाने विमानाचा आवाज पत्रा हादरवून गेला. काका कान देऊन बसले. आवाज विरला, तरी बसून राहिले.

तीन वाजले. सवयीने ते उठले, शीतखोलीत गेले. सीलांच्या रिकाम्या खणावरचा तापमापक त्यांनी चष्मा पुसून पाहिला. अठरा अंश. हवं तेवढंच. त्या रिकाम्या खणातला गारवा ते तीन वर्षं रोज, एकही दिवस न चुकवता, वहीत लिहून ठेवत आले होते.