सगळं नॉर्मल

जिन्यावरून पडलेल्या बाबांच्या पोटावर मी जेल लावलं, तसे ते कळवळत ओरडले, "गार आहे! पेशंटला आधी सांगावं, एवढंही शिकवलं नाही का मी?"

जन्मभर सोनोग्राफी केलेला माणूस स्ट्रेचरवरही मास्तरकी सोडेना.

मी प्रोब फिरवला. उजवीकडे, डावीकडे, खाली ओटीपोटात, जिथे बघावं तिथे काळंच. आत रक्त साचत चाललं होतं. मी सिस्टरला खुणेनंच सर्जनकडे पिटाळलं.

"काय गं, काय दिसतंय?"

"काही नाही बाबा. सगळं नॉर्मल आहे."

"मग स्क्रीन इकडे वळव की."

माझा हात जागचा हलेना.

बाबांनी माझं मनगट धरलं. "असू दे. तुझ्या आईच्या वेळी मीही नव्हती वळवली."