रोझम्माळची आमटी

गल्लीत घरोघरी कागदी तारे टांगले होते. चर्चच्या मंडळींनी नाताळच्या जेवणाला बोलावलं आणि आपल्या मिशन शाळेच्या हेडमास्तरांचा शब्द मोडवेना, म्हणून कृष्णमूर्तिराव बायकोला घेऊन गेले खरे, पण मनात शंकेची पाल चुकचुकत होती. शाकाहारी पंगत वेगळी होती, पानं केळीची होती, तरीही.

"आमटीला बोट लावू नकोस," ते नागलक्ष्मीला मराठीत म्हणाले. कुंभकोणमात मराठी म्हणजे घरातली भाषा. चारचौघांत खुशाल बोलावी, कुणाला कळतेय! "आणि ती वाढणारी म्हातारी बघ. मघापासून माझ्याकडेच टक लावून आहे. बाटवायचा बेत दिसतो."

म्हातारी रोझम्माळ तमिळमध्ये आग्रह करत पंगतभर फिरली. रावांच्या पानापाशी मात्र थबकली, वाकली आणि हळूच मराठीत म्हणाली,

"जेव रे किट्टू. मिरं घातलेली आमटी आहे, आपल्या घरची. तुझ्या बापानं, माझ्या सख्ख्या भावानं, मी जिवंत असताना माझं श्राद्ध घातलं, त्या दिवशीही हीच केली होती. रस्त्यावर उभी होते मी. वास आला होता."