एकच मत

नाशकात एमडी ड्रग्ज विकणारी टोळी पकडली गेली, त्या दिवशी उत्तराताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मतदान घेतलं: नशा करणाऱ्यांना तुरुंग की उपचार? छप्पन्न जणांनी तुरुंग निवडला. उपचाराला एकच मत पडलं, तेही त्यांच्याच मुलीचं, सईचं.

“अगं, सगळ्यांना नाव दिसतं तुझं! लोक काय म्हणतील? आधी बदल ते,” त्या ओरडल्या.

सईनं मत बदललं.

दोन महिन्यांनी सई आयसीयूत होती. डॉक्टर म्हणाले, “वर्षभर एमडी घेत होती ती. घरात कुणाला तरी सांगायला हवं होतं तिनं.”



उत्तराताईंची मान खाली गेली. “सांगितलं होतं, डॉक्टर. मीच ते बदलायला लावलं.”