दुसरा कार्बोरेटर

भोजराजची बोटं आता थरथरायला लागली होती. पुढच्या वर्षी हातात पाना धरता येईलच असं नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. गोंदियातल्या त्याच्या गॅरेजमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची जपानी डॅटसन स्पोर्ट्स कार नव्यासारखी होऊन उभी होती, पण सुरू होत नव्हती. तिच्या दोन कार्बोरेटरपैकी एकच जागेवर होता. दुसरा त्याचा जुना भागीदार केवलराम, दोघं भांडून वेगळे झाले त्या दिवशी काढून घेऊन गेला होता. ही गाडी दोघांनी मिळून भंगारातून आणली होती.

दिल्ली, दुबई, पार जपान, भोजराजनं सगळीकडे विचारून पाहिलं. तसा कार्बोरेटर कुठंच मिळेना. शेवटी, केवलरामच्या पाया पडावं लागलं तरी पडू, असं ठरवून तो त्याच्या गावाला, देवरीला जाणाऱ्या बसमध्ये बसला.

केवलराम खाटेवर पडून होता. लकव्यानं त्याची डावी बाजू गेली होती. भोजराजनं तोंड उघडायच्या आतच केवलरामच्या बायकोनं, सुमित्राबाईनं, फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर आणून त्याच्या हातात ठेवला. तेल लावून, चकचकीत पुसलेला.

तो पाहून भोजराजचा तोल सुटला. "तुह्या काही कामाचा नव्हता हा! मी जगभर भीक मागत फिरून राहिलो, आन् तू इथं दाबून बसला? काऊन?"

केवलरामनं वाकड्या झालेल्या तोंडानं कसेबसे शब्द जुळवले.

"धाडून देला असता, तं तू आला असता काय?"