उशिराच्या चिठ्ठ्या

‘बाई, पोटात दुखत असल्यामुळे तेजलला उशीर झाला.’ खाली माझी सही.

‘बाई, रिक्षा बंद पडल्यामुळे उशीर झाला.’ माझी सही.

‘बाई, आजीला बरं नसल्यामुळे…’ सही. तेजलला आजी नाही.

शाळेच्या डायरीतली तिन्ही पानं माझ्यापुढे सरकवत वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सह्या तुमच्याच ना? नसतील तर मला मोठ्या बाईंना सांगावं लागेल.”

तेजल शेजारीच उभी होती. चौथीत आहे. तिचे बाबा गेल्यापासून मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते. सकाळी सहाला येते, तिचा डबा भरते, जरा भिंतीला टेकते. डोळे उघडतात तेव्हा शाळा भरून गेलेली असते आणि ही गणवेशात, दप्तर पाठीला लावून माझ्या शेजारी बसलेली असते. मला उठवत नाही.

“माझ्याच आहेत,” मी म्हणाले.

“मग इथे एक करून दाखवा.”

मी पेन घेतलं. माझी सही कशीबशी, घाईतली. डायरीतली गोलगोल, सावकाश गिरवलेली. तशी काढायला गेले आणि दुसऱ्याच अक्षरावर हात अडला.

तेजलला राहवलं नाही. माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “आई, आधी खाली रेघ मारून घे. मग सरळ येतं.”

बाईंनी ऐकलं. त्या तेजलकडे वळल्या.

“तिला काही बोलू नका,” मी डायरीकडेच बघत म्हणाले. “मी झोपलेली असते.”