समुद्रातली रोवणी

बस सुटायला अर्धा तास उरला होता आणि धुरपताबाईचे पाय अजून कोरडेच होते.

धानाची मळणी आटोपून, लाखांदूरहून चार दिवस यात्रेच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत ती कन्याकुमारीच्या अलीकडच्या या वाळूत येऊन उभी राहिली होती. हातात टॉनिकची रिकामी बाटली. नातीने ती राखेने घासून दिली होती आणि बजावलं होतं, "आजी, सोता आत जाऊन भरजो. दुसऱ्यानं भरलेलं पाणी मले नाई पायजे." तेव्हा धुरपताबाईने साऱ्या आळीसमोर तोऱ्यात मान डोलावली होती. आता लाट उठली की ती चार पावलं मागे यायची आणि ओसरली की दोनच पुढे जायची. अशाने ती सकाळपासून समुद्रापासून लांब लांबच चालली होती.

तिचा नवरा तुलाराम दोनदा डुबकी मारून आला होता. ओलं धोतर पिळत तो म्हणाला, "आण इकडं ते बाटली. मी भरून देतो. पोरीले कोन सांगते?"

"तिनं इचारलं तं मलेच सांगा लागन ना."

"गावच्या तलावात तं मासोळीवानी पोहते. इथंच काहून भेऊन रायली?"

"तलावातलं पाणी आपल्या जाग्यावर रायते जी. हे आंगावर येऊन रायलं." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. इतक्या दूर येऊन कोरड्या पायांनी परत जायची तिला खरोखर लाज वाटत होती.

कुंताबाई, तिची थोरली जाऊ, तेवढ्यात निथळत बाहेर आली. सत्तरीला टेकलेली बाई. गावात धानाच्या रोवणीला, रोपं लावणाऱ्या बायांची ओळ धरावी ती तिनेच. तिने धाकटीकडे एकवार पाहिलं.

"धुरपते, रोवणी कोनिकडं तोंड करून करतो आपण?"

"कोनिकडं म्हंजे? मागं मागं सरकत जातो, बाई."

"मंग फिर. त्याच्याकडं पायतेच काहून?"

धुरपताबाई फिरली. समुद्र पाठीमागे गेला. समोर आता वाळू, माडाची झाडं, लांबवर उभी बस आणि तोंड उघडं टाकून बघणारा तुलाराम. तिने लुगडं गुडघ्यावर खोचलं. डाव्या हातात रोपांची पेंढी असायची, तिथे बाटली धरली. एका बाजूला कुंताबाई, दुसऱ्या बाजूला यात्रेला आलेल्या गावच्याच मंदाबाई आणि बेबीबाई. चार पाठी वाकल्या. कुंताबाईने रोवणीचं गाणं उचललं, तिघींनी ते झेललं आणि ओळ उलट्या पावली समुद्रात निघाली. रोवणारी कधी मागे वळून बघत नाही. बांधीच्या कडेच्या धुऱ्याला, त्या मातीच्या बांधाला, टाच लागली की शेत संपलं, एवढं तिला पुरतं.

पहिली लाट टाचांना लागली तेव्हा धुरपताबाईचा आवाज कापला, पण गाणं तुटलं नाही. दुसरी पोटऱ्यांवर आली. उजवा हात आपसूक पाण्यात जात होता, रोवत होता, वर येत होता. चाळीस पावसाळे झेललेल्या पाठीला पाण्याचं काय कौतुक!

मावळत्या सूर्याकडे रोखलेले दोन कॅमेरे या बायांकडे वळले. शंखशिंपले विकणारी एक बाई आधी बघतच राहिली. मग तिने टोपली वाळूत ठेवली, साडी खोचली आणि ओळीच्या टोकाला येऊन वाकली. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण तिचा हात बरोबर ठेक्यावर खाली जात होता आणि पाऊलही मागेच पडत होतं. कुंताबाईने नुसती सरकून तिला जागा करून दिली.

मग एक मोठी लाट आली आणि पाचही जणींना अंबाड्यापर्यंत भिजवून गेली. गाण्याच्या जागी तोंडात खारं पाणी आलं. थुंकत, डोळे पुसत धुरपताबाईने हातात पाहिलं. बाटली गळ्यापर्यंत भरली होती. ती हसायला लागली आणि हसतच राहिली. तुलारामला लग्नाच्या वर्षीची धुरपता आठवली आणि त्याला फार बरं वाटलं.

बसचा भोंगा वाजला.

"भरली ना बाटली?" तो काठावरून ओरडला. "ये आता बाहेर. किती मागं जाशीन?"

धुरपताबाईने बूच घट्ट लावलं, बाटली कमरेला खोचली आणि पुन्हा वाकली.

"टाचेले धुरा लागू द्या," ती म्हणाली, "मंग येईन."