न मोडलेल्या घड्या

सभागृहातले पंखे वीज वाचवायची म्हणून बंद ठेवले होते. त्यामुळे गावाचं हवामान किती बदललंय ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

नगरपालिकेनं गावकऱ्यांचं मत मागवलं होतं. उन्हाळे वाढत चाललेत, तळं दर वर्षी मागे सरतंय, पर्यटक मात्र पुढे पुढेच येताहेत. तेव्हा हॉटेलांनी चादरी रोज न बदलता तिसऱ्या दिवशी बदलाव्यात का? हो की नाही ते हात वर करून सांगायचं. होडीवाल्यांनी हो म्हणून टाकलं. होडीत कुठे चादर असते? गाइड पृथ्वीवर दहा मिनिटं बोलला. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलचे शेठ तर गहिवरलेच, पुढच्या पिढ्यांसाठी एवढं तरी करायलाच हवं म्हणाले. धुलाई वाचणार असली की माणसाला पुढच्या पिढ्या बरोबर आठवतात.

शेवटच्या रांगेत लाँड्रीतली मावशी बसली होती आणि शेजारी तिची सून. गावातल्या सगळ्या हॉटेलांच्या चादरी या एकाच लाँड्रीत यायच्या. इस्त्रीवर या दोघी धरून चौघी बायका. लाँड्रीच्या मालकांनी कालच सांगून ठेवलं होतं की ठराव झाला तर दोघी पुरतील, आणि ज्या शेवटी लागल्या त्या आधी जातील. सून सगळ्यांत शेवटी लागलेली. मावशीचा मुलगा सहा महिने घरी बसून होता, त्यामुळे चूल पेटायची ती या दोघींच्या इस्त्रीवर.

मग पाणी खात्याच्या मॅडम कागद घेऊन उठल्या. म्हणाल्या, दुसरीकडे कशाला बघायचं, आदर्श आपल्याच गावात आहे. आपल्या लाँड्रीत जेवढ्या चादरी जातात, त्या धुवायला जेवढं पाणी लागायला हवं, त्याच्या निम्मंच ही लाँड्री वापरते. टाळ्या पडल्या. मालक उभे राहून नव्या मशीनचं कौतुक सांगू लागले. बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की ते मशीनमुळे आहे.

 झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मावशीची तर नऊ वर्षं झाकलेली. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी पाणी संपलं आणि संध्याकाळी हॉटेलवाले दारात उभे राहणार होते. तेव्हा तिनं गाठोडी सोडून चादरी निवडायला घेतल्या. दोन खाटांची खोली एकट्या माणसानं घेतलेली, दुसऱ्या खाटेवर नुसती बॅग ठेवलेली. चादरीवर घडीच्या रेघा तशाच्या तशा. हाताला कळतं, नाही कळलं तर नाकाला कळतं. असल्या चादरी तिनं झटकल्या, उन्हात टाकल्या, कडक इस्त्री फिरवली आणि पाठवून दिल्या. पाणी पुढे आलं, पण चौघींची सवय काही गेली नाही. नुसत्या बॅगेखालची चादर धुवायला त्यांना जिवावर यायचं.

सुनेनं तिचं कोपर धरलं होतं. ते सोडवून मावशी उठली. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण आत्ता बोललं नाही तर उद्या सून घरी, हेही दिसत होतं.

"मॅडम, मशीनचं काही नाही त्यात," ती म्हणाली. "निम्म्या चादरींवर कोणी झोपलेलंच नसतं. त्या आम्ही धूत नाही, नुसती इस्त्री करतो. मळलेली तेवढीच धुवायची, असंच ठरवा की. पाणीही वाचेल आणि कोणाला घरी बसायला नको."

सगळ्या माना मागे वळल्या. मालक तर खुर्चीत बसले ते बसलेच.

"म्हणजे आमच्या पाहुण्यांना न धुतलेल्या चादरी?" शेठनी विचारलं.

"न मळलेल्या," मावशी म्हणाली. "नऊ वर्षांत एक तक्रार आली असेल तर सांगा."

कोणालाच आठवेना. आठवेना म्हणूनच बहुधा शेठ जास्त चिडले. हे बाहेर गेलं तर गावाचं नाव काय राहील, उद्या कोण पाय ठेवेल इथे, असं एकेक जण उठून बोलू लागला. तिसऱ्या दिवसाचं नाव आता कोणी काढेना. पाव तासात नवा ठराव तयार झाला. चादर वापरलेली असो वा नसो, रोज बदलायची, एकूण एक धुवायची आणि तशी पाटी प्रत्येक खोलीत लावायची. मालकांनी हात जोडून सगळं कबूल केलं, वर इस्त्रीवर चौघींच्या पाचजणी करतो म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला आणि हे दुप्पट पाणी आणायचं कुठून, असं विचारलं. त्यावर शेठनी फार विचार केला नाही. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत दिवसाआड पाणी येतं, ते तिसऱ्या दिवशी सोडलं तर भागेल म्हणाले. तिकडे पर्यटक फिरकत नाहीत. मावशीचं घर त्याच गल्लीत होतं, चौघीही तिथल्याच.

मॅडमनी हात वर करायला सांगितले. पुढच्या रांगांतले भराभर वर गेले. मावशीनं शेजारी पाहिलं. सुनेचाही हात वर होता.

"काम राहिलं ना, आई," सून हलकेच म्हणाली. "पाण्याचं एक पिंप जास्त घेऊ."

मॅडम मोजत मोजत शेवटच्या रांगेपर्यंत आल्या आणि मावशीपाशी थांबल्या. मावशीनं हात वर केला.

विरोधात कोणी नाही, असं मॅडमनी लिहून घेतलं.